ब्रेक दाबला की ‘खट्ट’ : जुन्या मोटारसायकलीचा पुढचा शॉकअप कसा तपासावा?

नाशिकरोडहून सिन्नरकडे निघाले की वाटेत पळसे गाव लागते. गेल्या वर्षी ऐन जून महिन्यात तेथे आमच्या पुतण्याची मोटारसायकल घसरली. मागे सूनबाई बसल्या होत्या. बाजूच्या शेतातून ट्रॉलीसह एक ट्रॅक्टर एकदम सडकेवर आला, पुतण्याने ब्रेक दाबला, मागचे चाक जाम होऊन गाडी आडवी झाली आणि दोघेही रस्त्यावर पडले. पुतण्याचे खरचटण्यावर निभावले. सूनबाईंच्या उजव्या मनगटाचे हाड मोडले. सहा आठवडे प्लास्टर! त्या घरी शिवणकाम करतात. शाळा उघडण्याचे दिवस, गणवेशाचे कापड घरात येऊन पडलेले, आणि शिलाई मशीनवर चादर पांघरलेली.

भेटायला आलेली मंडळी ट्रॅक्टरवाल्याला दोष देऊन, चहा घेऊन परतली. आम्ही मात्र पुतण्याला एकच विचारले, “अरे, ब्रेक कोणता दाबलास?”

“मागचा, काका.”

“आणि पुढचा?”

“पुढचा दाबला की हँडलमध्ये खट्ट वाजतं. गाडी पुढून एकदम बसते, हँडल हातातून सुटतंय की काय असं वाटतं. चार महिने झाले, मी पुढचा ब्रेक वापरणंच सोडलंय.”

वाचक बंधू-भगिनींनो, ट्रॅक्टर त्या दिवशी आला. परंतु अपघाताची तयारी चार महिने आधीपासून चालली होती, असे आमचे स्पष्ट मत आहे. आमच्या ओळखीतली कितीतरी तरुण मुले हल्ली जुन्या गाड्या हौसेने घेतात, रंग देतात, टाकीवर नवी पट्टी मारतात, आणि पुढचा ब्रेक दाबल्यावर काही वाजले तर तो ब्रेक वापरणेच बंद करतात. म्हणून हा लेख.

प्रथम हिशेब पाहू. आम्ही वाणिज्य शाखेचे. यंत्रशास्त्र शिकलो नाही. पण गुणाकार-भागाकार येतो. पुतण्याची गाडी यामाहा आरएक्स १००, १९९२ सालची. ९८ सी.सी.चे टू-स्ट्रोक इंजिन असलेली ही गाडी आपल्याकडे १९८५ साली आली आणि १९९६ साली तिचे उत्पादन थांबले. गाडी आणि वर बसलेले दोघे मिळून वजन ढोबळमानाने २३० किलो धरा. दोन चाकांमधील अंतर सव्वा मीटरच्या आसपास, आणि या सगळ्या वजनाचा मध्य जमिनीपासून ६० सेंटिमीटर उंच. चांगला करकचून ब्रेक लावला तर, या आकड्यांनी गणित मांडल्यास, मागच्या चाकावरचे सुमारे ५५ किलो वजन उचलून पुढच्या चाकावर जाते. म्हणजे ब्रेक दाबताक्षणी कोणीतरी पुढच्या चाकावर धान्याचे पोते आणून टाकावे तसे! मागचे चाक तेवढेच हलके होते, म्हणूनच ते लगेच घसरते.

आता थांबण्याचे अंतर. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी दोन्ही ब्रेक नीट लावले तर सुमारे साडेबारा मीटरमध्ये उभी राहते. फक्त मागचा लावला तर २१ मीटर लागतात. हा फरक कागदावर लहान दिसतो. परंतु दुसऱ्या तऱ्हेने पाहा. दोन्ही ब्रेक लावलेली गाडी ज्या जागी उभी राहिली असती, त्या जागी केवळ मागच्या ब्रेकवर असलेली गाडी अजून ताशी २५ किलोमीटर वेगाने धावत असते. पळशाला ट्रॉलीच्या चाकापर्यंत गाडी घसरत गेली, ती याच वेगाने गेली असावी.

यात आणखी एक गोष्ट. टू-स्ट्रोक गाडीची मूठ सोडली तरी इंजिन गाडीला फारसे मागे ओढत नाही. कसारा घाट उतरताना बुलेटवाला गिअरवर गाडी धरून ठेवू शकतो. आरएक्सवाल्याला सारा भार ब्रेकवरच टाकावा लागतो. आणि २०१९ च्या एप्रिलपासून नव्या गाड्यांना जी सोय कायद्याने सक्तीची झाली, १२५ सी.सी.च्या वर एबीएस आणि त्याखाली दोन्ही ब्रेक एकत्र लागण्याची, ती या जुन्या गाड्यांना नाही. जे आहे ते चालवणाऱ्याच्या चार बोटांत आणि पुढच्या दोन शॉकअपमध्ये.

पुतण्या काही निष्काळजी मुलगा नव्हे. आवाज सुरू होताच तो एका गॅरेजमध्ये गेला होता. तेथे हँडलचा कोनसेट आवळून दिला. आठ दिवस बरे वाटले, पुन्हा खट्ट. पुन्हा आवळला. तिसऱ्या वेळी इतका आवळला की गाडी हळू चालवताना डावी-उजवीकडे झुलू लागली. प्रत्येक वेळी पैसे घेतले, आणि एकदाही पुढचे चाक उचलून पाहिले नाही. आमच्या कचेरीत तेरीज जुळली नाही की फरकाची रक्कम सस्पेन्स खात्यात टाकून घरी जाणारे काही महाभाग आम्ही पाहिले आहेत. हा तसलाच प्रकार.

शॉकअपच्या पोटात काय असते?

पुढच्या प्रत्येक पायात एक पोलादी पाईप असतो आणि तो खालच्या जाड नळीत, म्हणजे ज्याला आपले मिस्त्री ‘बॉटम’ म्हणतात त्यात, वर-खाली सरकतो. आत एक लांब स्प्रिंग आणि थोडेसे तेल. तेल बारीक भोकांतून दाबून जाते, त्यामुळे स्प्रिंगच्या उसळीला आवर बसतो. तेलाचा असा आवर असलेले फोर्क बीएमडब्ल्यू कंपनीने १९३५ साली आपल्या गाड्यांवर आणले. आपल्याकडच्या जुन्या गाड्यांच्या पुढच्या शॉकअपचे मूळ तत्त्व तेच आहे. दोन्ही पाय वर दोन ‘टीं’मध्ये आवळलेले असतात, आणि या टीचा दांडा गाडीच्या सांगाड्याच्या तोंडात छर्‍यांवर फिरतो. तोच कोनसेट.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे, कारण त्यापायी लोक बरेच पैसे घालवतात. ब्रेक लावल्यावर गाडी पुढून फार बसते म्हणून जाड तेल टाकणारे पुष्कळ आहेत. आता विचार करा. आपण ब्रेक दोन-तीन सेकंद धरून ठेवला, तर शॉकअप शेवटी किती खोल जाईल? जितकी स्प्रिंग झुकेल तितका. तेल फक्त किती वेगाने बसायचे ते ठरवते. किती खोल बसायचे ते स्प्रिंग ठरवते. तेल फार जाड टाकले तर एक खड्डा गेल्यावर पाय पुरता वर यायच्या आत दुसरा खड्डा येतो, मग तिसरा, आणि खडबडीत रस्त्यावर शॉकअप दबलेल्या अवस्थेतच अडकून राहतो. अशा वेळी ब्रेक लावला तर त्याला खाली जायला जागाच उरत नाही. स्प्रिंगवर वॉशर टाकणारेही असेच. वॉशर टाकल्याने गाडी पुढून थोडी उंच बसते, हे खरे. स्प्रिंग मात्र त्याने कडक होत नाही. ती आहे तशीच राहते.

पाय फार खोल गेला की आणखी एक बदल होतो. पुढचा फोर्क जो तिरका असतो तो जास्त उभा होतो आणि हँडल हलके, चंचल लागते. पुतण्याला ‘हँडल हातातून सुटतंय’ असे वाटत होते, त्यात हा भाग नक्कीच होता.

एका रविवारचे काम

सूनबाईंचे प्लास्टर पडल्यानंतरच्या रविवारी आम्ही एका जुन्या मिस्त्रींकडे गेलो. वय सत्तरीच्या घरात. दुकान आता मुलगा पाहतो, पण जुनी गाडी आली की म्हातारबाबा स्वतः उठतात. आम्ही सांगायला सुरुवात केली तेव्हा त्यांनी हात वर करून थांबवले आणि पुतण्याला विचारले, “आवाज कधी येतो? ब्रेक धरताक्षणी, की गाडी पुढून पूर्ण बसल्यावर, की ब्रेक सोडल्यावर?”

पुतण्याला सांगता येईना. चार महिने आवाज ऐकून तो कधी येतो हे त्याने पाहिलेच नव्हते. “भाऊसाहेब,” मिस्त्री आमच्याकडे वळून म्हणाले, “अर्धं निदान इथंच आहे. पाना नंतर.”

त्यांनी जे सांगितले ते असे. ब्रेक नुकताच धरला आणि हळू वेगातही लगेच खट्ट झाले, तर आधी कोनसेट ढिला आहे का ते पाहावे. गाडी पूर्ण बसल्यावर शेवटी एकच खोल धाडकन दणका आला, तर पाय तळाला आपटतो आहे. तेल कमी किंवा स्प्रिंग दमलेली. ब्रेक सोडल्यावर किंवा गतिरोधकावरून उतरताना वर कुठेतरी ठोका बसला, तर पाय वरच्या टोकाला आपटतो आहे. आणि गाडी पुढे ढकलून ब्रेक धरला की टक, मागे ढकलून धरला की पुन्हा टक, असे दरवेळी होत असेल तर ब्रेक प्लेटची खाच बघावी. आवाज नसून हँडलला हिसके बसत असतील, आणि गाडी हळू होत जाईल तसे हिसकेही हळू होत असतील, तर तो दोष चाकाबरोबर फिरणाऱ्या वस्तूत आहे. म्हणजे ड्रम अंडाकृती झालेला असेल, रिमला आऊट असेल नाहीतर टायर फुगला असेल. त्याचा शॉकअपशी काही संबंध नाही.

प्रत्यक्ष तपासणीला त्यांनी सुरुवात केली ती टायरपासून. हवा मोजली. टायरच्या कडेला चार आकडे कोरलेले असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. ‘२३१९’ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. आमच्या गाडीचा टायर नक्षी चांगली असूनही बराच जुना निघाला, रबर लाकडासारखे. तो बदलायचाच होता.

मग गाडी मेन स्टँडवर घेऊन इंजिनखाली लाकडी ठोकळा सरकवला, पुढचे चाक अधांतरी केले. येथून पुढचे काम वाचकांनी स्वतः करून पाहण्यासारखे आहे. फक्त मागे एक माणूस गाडी धरायला हवा. मिस्त्रींनी चाकाला वर आणि खाली दोन्ही हातांनी धरून आडवे हलवले. चाकाची बेअरिंग गेली असेल तर येथेच खेळ हाताला लागतो. लागला नाही. नंतर खाली बसून त्यांनी दोन्ही बॉटमची टोके धरली आणि पुढे-मागे ओढली, आणि पुतण्याला सांगितले, “बेटा, खालची टी आणि सांगाडा जिथं मिळतात तिथं फटीवर बोट ठेव.” फटीत हालचाल जाणवली तर कोनसेट ढिला. बोट स्तब्ध राहिले आणि तरीही बॉटम पाईपवर डुलला, तर आतले बुश झिजलेले. ज्या गाड्यांत बुश वेगळे असतात तेथे ते बदलता येतात. ज्यांत पाईप थेट बॉटममध्येच चालतो तेथे बॉटम बदलावा लागतो.

आमच्या गाडीत बोट स्तब्ध होते. कोनसेट ढिला नव्हताच! उलट मिस्त्रींनी हँडल एका बोटाने हळूच फिरवले, तर ते बरोबर मधोमध येऊन खाचेत बसल्यासारखे अडकले. तीनदा आवळून आवळून छर्‍यांनी वाटीत खळगे पाडले होते. चांगला कोनसेट असा हवा की चाक अधांतरी असताना हँडलला किंचित धक्का दिला की ते आपल्या वजनाने बाजूला पडते, आणि पुढे-मागे मात्र तसूभरही खेळ नाही. खळगे पडल्यावर नुसते छर्रे बदलून भागत नाही, वाट्या आणि कोन यांच्यासह पूर्ण संच बदलावा लागतो. जी वस्तू बिघडली नव्हती ती दुरुस्तीच्या नावाखाली बिघडवली गेली, आणि तिचेही पैसे आम्हीच भरले.

खरा दोष पाय खोलल्यावर दिसला. पाय काढून एकेक उलटा केला. एका पायातून वाटीभर तेल निघाले, रंगाने काळे. दुसऱ्यातून निघाले ते चहाच्या बशीत मावले असते. हा दुसरा पाय ब्रेक प्लेटच्या बाजूचा. त्याचे ऑईल सील फाटले होते आणि तेल खाली ओघळून ब्रेकपर्यंत गेले होते. म्हणजे ज्या बाजूला ब्रेकचा सारा पीळ पडतो, त्याच बाजूचा पाय कोरडा! स्प्रिंग बाहेर काढल्या तर वर वॉशर रचलेले. एकीकडे सात, दुसरीकडे चार. कुणा पूर्वीच्या मालकाची करामत. दोन्ही स्प्रिंगा शेजारी-शेजारी उभ्या केल्या तेव्हा एक दुसरीपेक्षा करंगळीच्या नखाएवढी आखूड होती. अशी जोडी नेहमी दोन्ही बदलायची असते, एक नव्हे.

पुतण्या म्हणाला, “सील तर मी मागच्या वर्षीच बदललं होतं.” मिस्त्रींनी पाईप पुसून त्याच्या हातात दिला आणि नखाने चाचपायला सांगितले. सील ज्या भागात सरकते तेथे क्रोमवर गंजाचे बारीक खड्डे होते. नखाला अडकतील असे. हे खड्डे किसणीसारखे काम करतात. दर खेपेला नवे सील फाटते. आपल्याकडचा पावसाळा आणि महिनोन्‌महिने अंगणात उभी राहिलेली गाडी, यांचा हा परिणाम. अशा पाईपला पुन्हा हार्ड क्रोम करून घासून घेता येते, किंवा चांगला पाईप मिळाला तर बदलावा. नुसते सील म्हणजे पैसे पाण्यात.

पाईप वाकला आहे का हे पाहण्याची रीत आम्हांला फार आवडली. जाड काचेचा सपाट तुकडा घेतला, त्यावर पाईप ठेवून हळूहळू गडगडत नेला आणि खालून उजेड दिसतो का ते पाहिले. आमचे दोन्ही पाईप सरळ होते. अपघातानंतर हँडल वाकडे दिसत होते, ते दोन टी एकमेकींच्या तुलनेत पिळल्या गेल्यामुळे. जोडताना त्यांनी टीचे बोल्ट आणि एक्सल ढिले ठेवून पुढचा भाग चार-पाच वेळा दाबला, पायांना आपापली जागा घेऊ दिली, आणि मग खालून वर असे आवळत गेले. चाक बसवून थेट करकचून आवळले तर दोन्ही पाय समांतर राहत नाहीत, शॉकअप अडखळत चालतो आणि लोक तेलाला दोष देतात. पाईपला सुरकुती पडलेली दिसली तर मात्र तो सरळ करून वापरू नये. टाकून द्यावा.

तेल दोन्ही पायांत सारखे जायला हवे. अंदाजपंचे डबलीने एकीकडे कमी, दुसरीकडे जास्त, असे चालत नाही. मिस्त्रींकडे औषधाची खुणा केलेली बाटली होती. त्यांनी कंपनीच्या पुस्तकात दिलेल्या मापाने, फोर्क ऑईलच, मोजून भरले. जास्त भरले तरी वाईट. वर जी हवेची मोकळी जागा लागते ती उरत नाही आणि दाब सीलवर येतो.

ब्रेकचे लायनर तेलाने भिजले होते. ते घासून किंवा तापवून पुन्हा वापरण्याची पद्धत आहे, पण मिस्त्रींनी सरळ भंगारात टाकले. तेल प्यालेला लायनर कधी धरत नाही तर कधी एकदम पकडतो. येथे एक इशारा आम्ही मुद्दाम देतो. ड्रममधील धूळ तोंडाने फुंकू नये. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असे, आणि ते फुप्फुसांना घातक आहे. ओल्या फडक्याने पुसावी, फडके फेकून द्यावे, लहान मुलांना जवळ येऊ देऊ नये.

सगळे जोडून गाडी बाहेर काढली. पुढचा ब्रेक धरून गाडी ढकलली. टक! पुतण्याचा चेहरा पडला. मिस्त्री हसले. हा दुसरा दोष होता, पहिल्याच्या मोठ्या आवाजाखाली लपलेला. ब्रेक प्लेट चाकाबरोबर फिरू नये म्हणून तिची खाच बॉटमवरच्या खुंटीत अडकवलेली असते. ती खाच झिजून रुंद झाली होती. चाक काढ-घाल करणाऱ्या प्रत्येकाने हे पाहून ठेवावे, कारण चाक बसवताना खुंटी खाचेत बसलीच नाही, तर ब्रेक दाबताच प्लेट गरकन फिरते आणि चाक जागच्या जागी जाम होते. त्यात जीव जाऊ शकतो. प्लेट बदलली, आवाज गेला.

दिवसभरात मिस्त्रींनी एकदाही दोन गोष्टी एकाच वेळी बदलून गाडी चालवून पाहिली नाही, असे आम्ही म्हणणार होतो, पण ते खरे नाही. पाय खोलल्यावर सील, स्प्रिंगा आणि तेल एकदमच बदलावे लागले. मात्र खोलण्याआधी काय-काय तपासले, कशात खेळ होता नि कशात नव्हता, हे त्यांनी खडूने भिंतीवर लिहून ठेवले होते. आम्ही ते वहीत उतरवून घेतले.

बुलेट, येझदी आणि इतर

आरएक्सचे पाईप उघडे दिसतात, हे तिच्या मालकाचे भाग्य. मद्रासला १९५५ पासून बनू लागलेल्या बुलेटच्या जुन्या मॉडेलांत पाईपवर पत्र्याची कव्हरे असतात. दिसायला भारदस्त, पण आत गंज किती आहे हे कव्हर काढल्याशिवाय कळत नाही. सील गळू लागल्याची पहिली खूण म्हणजे बॉटमवर धुळीचा काळा चिकट पट्टा. तो दिसला की पुसून मोकळे होऊ नये. म्हैसूरला १९६१ पासून जावा आणि १९७३ पासून येझदी नावाने निघणाऱ्या गाड्यांचे उत्पादन १९९६ साली थांबले. पुढे हीच नावे नव्या गाड्यांवर आली, परंतु त्या गाड्या वेगळ्या. नावावर जाऊन नव्या गाडीचे सुटे भाग जुनीला लागतील, असे समजू नये. जुनी गाडी विकत घेताना रंग पाहण्याआधी पुढचा ब्रेक धरून हँडलवर भार टाकावा आणि चार वेळा दाबावे. तेल असलेला पाय सावकाश वर येतो. कोरडा पाय उसळी मारतो. एवढे पाहायला अर्धे मिनिट पुरते, आणि विकणारा त्यावर काय बोलतो तेही ऐकण्यासारखे असते.

दुरुस्तीनंतरची चाचणी आम्ही एका मोकळ्या मैदानालगतच्या कोरड्या डांबरी तुकड्यावर, रहदारी नसताना घेतली. पाईपवर एक रबरबँड घालून सीलपर्यंत खाली सरकवला. पाय दबला की सील रबरबँडला वर ढकलते आणि पाय परत आला तरी रबरबँड तेथेच राहतो. पाय किती दबला त्याची ती नोंद. चालवणारा गाडीवर बसल्यावर एकूण चालीच्या पाव ते एक-तृतीयांश इतके दबणे योग्य. जोराच्या ब्रेकनंतरही वर थोडी जागा शिल्लक राहायलाच हवी. दुरुस्तीपूर्वी आम्ही हे पाहिले होते, तेव्हा ताशी ३० च्या वेगात ब्रेक लावताच रबरबँड शेवटच्या टोकाला जाऊन भिडला होता. आता वर दोन बोटे जागा राहिली. सुरुवात ताशी २० पासून केली. ब्रेक एकदम न हिसकता, आधी अलगद धरून, वजन पुढे आले की मग जोर वाढवायचा.

येथे एक अडचण आली, आणि ती गाडीची नव्हती. पुतण्याचा हात पुढच्या ब्रेकवर जाईना. आम्ही ‘दाब’ म्हटले की उजवा पाय खाली जाई आणि बोटे मुठीवर तशीच राहत. चार महिन्यांत बोटे ते काम विसरली होती. पहिल्या दिवशी दहा-बारा फेऱ्या झाल्या, तेव्हा कुठे दोन बोटे जाऊ लागली. मग आम्ही त्याला रोज संध्याकाळी कामावरून आल्यावर पाच फेऱ्या मारायला लावल्या. तिसऱ्या आठवड्यात चारही बोटे न सांगता जाऊ लागली.

प्लास्टर निघाले तोवर शाळा सुरू होऊन गेल्या होत्या. सूनबाईंची दोन गिऱ्हाइके दुसरीकडे गेली, बाकीच्यांनी वाट पाहिली. मनगट अजून थंडीत दुखते. त्या अद्याप मागे बसलेल्या नाहीत, सिन्नरला जायचे तर एस.टी.ने जातात. परवा आम्ही सहज गेलो तेव्हा पुतण्या गाडी पुसत होता, आणि सूनबाई पुढच्या चाकाशी बसून रबरबँड कुठवर गेला आहे ते पाहत होत्या. “काका, दोन बोटं आहे,” त्या म्हणाल्या, आणि तो पुन्हा खाली सरकवून ठेवला.